टेबलामागचा पक्षपात

बास्केटबॉलच्या सामन्यात शिट्टी पंचांकडे असली, तरी गुणपत्रक आणि घड्याळ टेबलामागे बसलेल्यांच्या हाती असते. पुण्यातील आंतरशालेय व आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत या जागांवर अनेकदा यजमान संस्थेचेच शिक्षक वा विद्यार्थी असतात. त्यांचा जिव्हाळा स्वाभाविक आहे. पण गुणलेखकच ‘फाउल’ म्हणून ओरडू लागला, की पाहुण्या संघाचा गुणपत्रकावरील विश्वास उडतो.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये घड्याळाच्या गोंधळातून अंतिम सामन्याचे शेवटचे ३ सेकंद पुनःपुन्हा खेळवले गेले. सोव्हिएत संघ ५१-५० असा विजयी ठरला. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारली नाहीत. नुसत्या गोंधळाने एवढी कटुता येत असेल, तर उघड पक्षपाताने काय होईल?

पंचाने सामन्यापूर्वीच टेबलाला कर्तव्याची जाणीव द्यावी. पहिल्या आगळिकीला खेळ थांबताच जवळ जाऊन हलक्या आवाजात समज द्यावी. पुनरावृत्ती झाल्यास आयोजकांकरवी माणूस बदलून घ्यावा. प्रेक्षकांदेखत हमरीतुमरीवर येणारा पंच स्वतःचेच वजन घालवतो.

मात्र सारा भार पंचावर टाकणे न्याय्य नव्हे. परीक्षेला बाह्य परीक्षक नेमणाऱ्या संस्थांनी टेबलावरही त्रयस्थ माणसे नेमावीत. आपला पराभव खरा होता, एवढी खात्री घेऊन घरी जाण्याचा हक्क हरलेल्या मुलांनाही आहे.