घोरपड खरी की खोटी?

सिंहगडावर सहलीला गेलेल्या मुलांना तानाजीचा कडा दाखवला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘घोरपड इथूनच चढली का?’ दोर बांधलेली यशवंती घोरपड कड्याला घट्ट चिकटली आणि मावळे वर गेले, ही गोष्ट मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पण इतिहासकार तिला पुरावा मानतात का?

इतिहासकार दंतकथा ऐकताच फेकून देत नाहीत आणि जशीच्या तशी स्वीकारतही नाहीत. ती कोणी सांगितली, घटनेनंतर किती काळाने आणि कोणासाठी, हे ते आधी पाहतात. सिंहगडाची लढाई ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री झाली. घोरपड भेटते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. पोवाडा डफ-तुणतुण्यावर श्रोत्यांपुढे गायचा. त्यात रंग भरणे हे शाहिराचे कामच! कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर लढाईनंतर सुमारे २७ वर्षांनी लिहिली. तीत मावळे माकडाच्या चपळाईने कडा चढले, एवढेच आहे. घोरपडीचा पत्ता नाही.

गडाच्या नावाचेही तसेच. तानाजीच्या मृत्यूनंतर कोंढाण्याचा सिंहगड झाला, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आधीच आले आहे. असे पत्र समोर आले, की दंतकथेला माघार घ्यावी लागते.

मग दंतकथेत उरले काय? बरेच काही. एक गड मिळवताना तानाजीच्या रूपाने दुसरा गड गमावला, या महाराजांच्या दुःखाची नोंद सभासदानेही केली आहे. लोकांच्या तोंडी त्या दुसऱ्या गडाचा ‘सिंह’ झाला. म्हणजे गाभा जुनाच, वेष तेवढा नवा. मुलाचे लग्न बाजूला ठेवून तानाजी मोहिमेवर निघाला, या कथेला कागदाचा आधार मिळो न मिळो, सामान्य माणसाला कोणता त्याग सर्वांत मोठा वाटला, ते तिच्यातून कळते. दफ्तरातले कागद हे क्वचितच सांगतात.

तेव्हा आजीने नातवंडांना घोरपडीची गोष्ट जरूर सांगावी. फक्त ‘ही शाहिराची गोष्ट बरं का!’ एवढे पुढे जोडावे. तानाजीचा पराक्रम त्याने तसूभरही कमी होत नाही. घोरपडीवाचून काळोख्या रात्री तो कडा चढणे अधिकच अवघड, नाही का?