सही करा, नाहीतर नकार लेखी द्या

ठाणे आणि मावळ या दोन लोकसभा मतदारसंघांचे खासदार, संरक्षण मंत्रालय आणि संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती, या तिघांना उद्देशून हा इशारा आहे. तो उरण, पनवेल आणि नवी मुंबईच्या मतदारांच्या बाजूने दिला जात आहे. त्याला मुदत आहे आणि ती पाळली गेली नाही तर पुढे काय होणार तेही खाली लिहिले आहे.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. त्यासाठी केंद्र सरकारने देशातल्या ठिकाणांची यादी काढली, धोक्यानुसार त्यांच्या तीन श्रेणी केल्या. महाराष्ट्रातून पहिल्या श्रेणीत तीनच नावे होती: मुंबई, तारापूर आणि उरण. पुणे आणि नाशिक दुसऱ्या श्रेणीत. म्हणजे युद्ध झाले तर शत्रूची नजर आधी कुठे जाईल, याचे उत्तर सरकारने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे, आणि त्या उत्तरात आमचा तालुका आहे.

तो का आहे हे इथल्या कुणालाही विचारा. करंजाला नौदलाचा शस्त्रसाठ्याचा डेपो आहे. शेजारी ओएनजीसीचा प्रकल्प, न्हावा-शेव्याला देशातले एक सर्वांत मोठे कंटेनर बंदर, खाडीपलीकडे मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र. डेपोच्या भोवती ‘सेफ्टी झोन’ आखलेला आहे आणि त्या झोनच्या रेषेत केगाव, म्हातवली, बोरीची घरे आली आहेत. माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि डोक्यावर टांगती तलवार घेऊन घराची डागडुजी करतात. देशाच्या संरक्षणासाठी जमीन द्यावी लागते, बंधने पाळावी लागतात, हे उरणकरांना कुणी शिकवायला नको. त्यांनी ती दिली आहे. पण जो माणूस धोका अंगावर घेतो त्याला प्रश्न विचारायचा हक्क उरतो, आणि तो प्रश्न विचारायची जागा दिल्लीत आहे. त्या जागेवर आम्ही आमच्या मतांनी माणसे पाठवली आहेत.

आता १८ डिसेंबर २०२४ कडे या.

त्या दुपारी चारच्या सुमारास गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली. बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला, असे नौदलानेच त्या दिवशी सांगितले. जागा करंजाजवळची, म्हणजे आमच्याच पाण्यातली. लाँचवर शंभराहून अधिक माणसे होती. परवाना होता ८४ प्रवाशांचा. पंधरा जीव गेले. त्यांत सहलीला आलेली कुटुंबे होती, नौदलाचा एक जवान होता, इंजिन बनवणाऱ्या कंपनीची दोन माणसे होती. नौदल आणि तटरक्षक दलाच्या बोटी धावल्या, हेलिकॉप्टरे आली, न्हावा-शेवा बंदराच्या (जेएनपीए) पायलट बोटीने कित्येकांना पाण्यातून वर ओढले. त्या सगळ्यांचे ऋण आम्ही विसरणार नाही.

त्या दिवशी संसदेचे हिवाळी अधिवेशन चालू होते. राज्य विधिमंडळाचेही चालू होते, नागपुरात. मुख्यमंत्र्यांनी नागपुरात मृतांचा आकडा सांगितला, मदत जाहीर केली. आणि दिल्लीत? दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, संसदेच्या मकरद्वारावर खासदारांची आपसांत धक्काबुक्की झाली. २० तारखेला अधिवेशन संपले. बुडालेल्यांचा शोध तेव्हाही चालू होता. देशाच्या संरक्षण दलाची बोट देशाच्याच नागरिकांवर आदळून पंधरा माणसे मेली होती, आणि देशाचे सर्वोच्च सभागृह दोन दिवसांत उठून गेले.

कुलाबा पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, नौदलाने चौकशी बसवली. हे योग्यच झाले. पण पोलीस एवढेच पाहतील की सुकाणू कुणाच्या हातात होते. नौदलाची चौकशी नौदलालाच उत्तर देणार. आमचे प्रश्न त्यापलीकडचे आहेत. दर अर्ध्या तासाला प्रवासी लाँच जाते त्या वाटेवर भरदुपारी इंजिनाची चाचणी घ्यायची परवानगी कुणाच्या अखत्यारीत येते? चाचणीच्या वेळी बंदर प्रशासनाला कळवायचा नियम होता का, आणि नसेल तर आता झाला का? क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेऊन लाँच धक्का सोडते तेव्हा मेरीटाईम बोर्डाचा माणूस कुठे असतो? मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला रोज कामाला जाणारी माणसे याच पाण्यातून जातात. त्यांना हे कळायलाच हवे.

यावर ‘राष्ट्रीय सुरक्षेचा विषय आहे’ हे उत्तर आम्हाला चालणार नाही. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हेही चालणार नाही. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल. नियम काय होता आणि बदलला काय, हे मंत्र्याने सांगायचे असते.

गुप्ततेची ढाल पुढे करणाऱ्यांनी लोकसभेचे नियम उघडून पाहावेत. संसदीय समित्यांच्या बैठका बंद दाराआडच होतात. नियम २६६ तेच सांगतो. एखादे कागदपत्र देशाच्या सुरक्षेला घातक ठरेल असे वाटले तर सरकारला ते समितीला न देण्याची मुभा नियम २७० मध्ये आहे. त्याहून पुढे, नियम २४८ प्रमाणे अख्ख्या लोकसभेची गुप्त बैठक घेता येते. संरक्षणविषयक स्थायी समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ खासदार बसतात. गुपित राखून जाब विचारायची एवढी सोय असताना कुणी गप्प बसत असेल, तर त्याने त्या गप्पपणाला देशप्रेम म्हणू नये.

आणि असा जाब सरकार चीनशी लढत असतानाही विचारला गेला आहे. १९६२ साली युद्ध चालू असताना अधिवेशन अलीकडे ओढून ८ नोव्हेंबरला संसद बसली. खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवींनी बैठक गुप्त घ्यावी असे सुचवले. नेहरूंनी ते मानले नाही. विषय साऱ्या देशाचा आहे, चर्चा उघडच होईल, अशी त्यांची भूमिका होती. आघाडीवर सैन्य मागे हटत असताना लोकसभेत १६५ सदस्य बोलले. नेहरूंच्या स्वतःच्या पक्षाचे खासदारही बोलले. कृष्ण मेनन यांना संरक्षण खाते अधिवेशनाआधीच सोडावे लागले होते, आणि त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले.

यशवंतरावांनी पुढे जे केले ते आजच्या संरक्षणमंत्र्यांनी आणि आमच्या खासदारांनी नीट वाचावे. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला नाही. सैन्याचे मनोबल आणि सुरक्षितता यांचे कारण त्यांनी दिले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. २ सप्टेंबर १९६३ रोजी ते लोकसभेत उभे राहिले आणि अहवालाचे निष्कर्ष सभागृहाला सांगितले: डोंगरी युद्धाच्या प्रशिक्षणातल्या उणिवा, साधनसामग्रीची कमतरता, हुकमाच्या साखळीतले दोष. अहवाल गुप्त ठेवूनही सभागृहाला हिशेब देता येतो, हे कऱ्हाडच्या त्या माणसाने साठ वर्षांपूर्वी दाखवून दिले. तो अहवाल मात्र आजही सरकारी कपाटातच आहे. त्यानंतर दिल्लीत प्रत्येक रंगाचे सरकार येऊन गेले आणि कुणीही तो बाहेर काढला नाही. तेव्हा हा इशारा एका पक्षाला आहे असे कुणी समजू नये.

हिशेब न मिळण्याचा अनुभव आम्हाला आहे. उरण ज्या जिल्ह्यात येते त्या रायगडच्याच किनाऱ्यावर १९९३ च्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडीला शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. कस्टमची आणि पोलिसांची माणसे पैसे घेऊन बाजूला झाली. न्यायालयाने पुढे त्यांना दोषी ठरवले. १२ मार्चच्या बाँबस्फोटांत मुंबईत २५७ माणसे मेली. गुन्हेगार, अधिकारी आणि राजकारणी यांच्या साटेलोट्याचा शोध घ्यायला व्होरा समिती नेमली. तिचा अहवाल संसदेपुढे यायला १९९५ चा ऑगस्ट उजाडला, आणि आली ती मूठभर पाने. नावे आली नाहीत. स्फोटांनंतर पंधरा वर्षांनी, २००८ साली, पुन्हा समुद्रातूनच दहा दहशतवादी आले, कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले, आणि १६६ जीव गेले. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले, मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले, उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील गेले. राजीनामे तीन आले. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीचा अहवाल मात्र विधानसभेपुढे सरळ आला नाही. सरकारने आधी फक्त कृती अहवाल ठेवला, मूळ अहवालासाठी आमदारांना भांडावे लागले. राजीनाम्याने खुर्ची रिकामी होते. किनाऱ्यावरची फट त्याने बुजत नाही. ती बुजवायला कुणीतरी कागद मागावा लागतो, वाचावा लागतो, आणि पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारावे लागते की झाले का.

२६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईजवळच्या समुद्रात सिंधुरत्न पाणबुडीत आग लागली, दोन अधिकारी गेले. नौदलप्रमुख डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी जबाबदारी घेऊन पद सोडले. गणवेशातला माणूस जबाबदारी घेतो. त्याच्यावर देखरेख करणाऱ्या राजकीय नेतृत्वाला कोण विचारणार? त्यासाठीच तर स्थायी समिती आहे.

आणि ती समिती काम करू शकते याचा पुरावा आहे. मार्च २०१८ मध्ये निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे लष्कराच्या उपप्रमुखांनी सांगितले की सैन्याची ६८ टक्के सामग्री जुनाट आहे. खंडुरी सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते, तरी समितीने ते छापले आणि संसदेपुढे ठेवले. दुसऱ्या दिवशी लोकसभेने संरक्षणासह सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना ‘गिलोटिन’खाली मंजूर केल्या. त्याच वर्षी समितीचे अध्यक्षपद खंडुरींकडून गेले. २०२३ साली तेच पुन्हा घडले: संरक्षणाचे ५ लाख ९४ हजार कोटी रुपये, आणि लोकसभेत त्यावर चर्चा शून्य. आमच्या वॉर्डातल्या गटाराच्या टेंडरवर महापालिकेत याहून जास्त बोलले जाते.

म्हणून आता मागणी.

लोकसभेच्या नियमांत जनतेला याचिका करण्याची तरतूद आहे. खासदाराने ती सभागृहात मांडायची तर त्यावर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. उरण, पनवेल, बेलापूर आणि ऐरोलीच्या मतदारांच्या सह्यांनी अशी याचिका तयार होईल. तिच्यात तीनच गोष्टी मागितल्या जातील. नीलकमल दुर्घटनेच्या चौकशीतले, सुरक्षेला बाधा न आणणारे निष्कर्ष आणि त्यानंतर बदललेले नियम संरक्षणमंत्र्यांनी सभागृहाच्या पटलावर ठेवावेत. संरक्षणविषयक स्थायी समितीने करंजा आणि उरणला भेट द्यावी, डेपोच्या सेफ्टी झोनमधल्या रहिवाशांचे आणि कोळी बांधवांचे म्हणणे ऐकावे आणि आपल्या अहवालात नोंदवावे. आणि संरक्षणाच्या मागण्यांवर लोकसभेत दरवर्षी प्रत्यक्ष चर्चा व्हावी, यासाठी आमच्या दोन्ही खासदारांनी कामकाज सल्लागार समितीकडे लेखी आग्रह धरावा.

नरेश म्हस्के साहेब, श्रीरंग बारणे साहेब, याआधी आपण काय विचारले आणि काय नाही, याचा हिशेब आज मागत नाही. आपण सत्ताधारी आघाडीत आहात ही अडचण समजू नका. खंडुरीही सत्तेतच होते. घारापुरी मावळ मतदारसंघात येते. ठाण्याच्या मतदारसंघातली हजारो माणसे त्याच खाडीकाठी राहतात. याचिका आपल्या कार्यालयात येईल. तिच्यावर सही करा. करायची नसेल तर का करत नाही ते आपल्या लेटरहेडवर लिहून द्या.

मुदत पुढच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत. तोवर सही झाली नाही आणि नकारही लेखी आला नाही, तर मौन हाच नकार धरला जाईल. मग याचिका थेट लोकसभेच्या महासचिवांकडे जाईल, आणि तिच्या पहिल्या पानावर लिहिलेले असेल की या भागाच्या दोन्ही खासदारांकडे ती नेली होती, कोणत्या तारखेला नेली होती, आणि त्यांनी काय केले. तेच पान उरण तालुक्याच्या प्रत्येक ग्रामसभेत वाचले जाईल आणि ठरावासोबत इतिवृत्तात लागेल. घारापुरीच्या, मोऱ्याच्या आणि करंजाच्या जेट्टीवर ते चिकटवले जाईल. आचारसंहिता लागली की प्रचाराला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, गावाच्या वेशीवर आधी ते वाचून दाखवले जाईल आणि विचारले जाईल की तुम्ही सही करणार का. उत्तर मिळेपर्यंत सभा होणार नाही. माणसेच येणार नाहीत.