आधी पाणीपट्टी, मग दाखला

हिमाचल प्रदेशात ग्रामीण घरांना २०२२ पासून नळाचं पाणी फुकट होतं. २०२४ मध्ये सरकारने ही सवलत काढून दर जोडणीमागे महिन्याला १०० रुपये लावले आणि विरोधी पक्षाने रान उठवलं. सरकारचं उत्तर तयार होतं: विधवा, एकल स्त्रिया, अपंग आणि वर्षाला ५० हजारांच्या आत उत्पन्न असलेल्यांना सूट आहे. ‘मग गरिबाला त्रास कुठे आहे?’ असं माझ्या विभागातल्या एका मित्राने विचारलं.

त्रास त्या ‘सूट’ या शब्दात आहे. सूट मिळवायला कागद लागतो, आणि गावात कागद कुणाच्या हातात असतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

२०१५ ला बारावीनंतर वसतिगृहाच्या अर्जासाठी मला रहिवासी दाखला हवा होता. आईसोबत ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकाने रजिस्टर उघडलं. ‘मावशी, आधी पाणीपट्टी भरा, मग दाखला.’ थकबाकी १,८४० रुपये. आमची वस्ती पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला. चार दिवसांतून एकदा वीसेक मिनिटं पाणी, तेही करंगळीएवढी धार, कारण वरच्या आळीत नळाला मोटारी लावलेल्या. आई म्हणाली, ‘भाऊसाहेब, पाणीच येत न्हाई तर पट्टी कशाची?’ तो नुसता हसला. आईने बचत गटातून पैसे उचलले. अर्जाची मुदत संपायला एक दिवस असताना दाखला हातात पडला. मोटारवाल्या घरांची थकबाकीही त्याच रजिस्टरात होती. पण त्यांना समाजकल्याणच्या वसतिगृहात कुठे जायचं होतं!

म्हणून मी म्हणते, पाणीपट्टी ही नुसती पाण्याची किंमत नसते. ती थकली की जातीच्या दाखल्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळं अडवता येतं. सूट हवी तर उत्पन्नाचा दाखला आणा, त्यासाठी रहिवासी दाखला आणा, आणि तो हवा तर थकबाकी भरा!

पट्टीविरोधात जे रस्त्यावर येतात, त्यांच्या मागणीतही आपण नसतो. ‘पाणी फुकट द्या’ ही मागणी ज्याच्या घरी नळ आहे त्याची. दिल्लीत २०१५ पासून महिन्याला २० हजार लिटर पाणी मोफत झालं, पण मीटर असलेल्या जोडणीला. टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसलेल्या वस्तीला त्यातलं काय मिळालं? वर ‘फुकट दिलं की किंमत राहत नाही’ हे आपल्यालाच ऐकवायचं. हंड्याच्या भावाने पाणी विकत घेणाऱ्याला किंमत शिकवायला निघालेत.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांना घेऊन तळ्यावर जावं लागलं. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी आहेत, तलाव आहेत. ‘हात लावू नका’ असं आजही अनेक गावांत म्हणतात. जिथे तसं म्हणता येत नाही, तिथे रजिस्टर उघडतात.

पाइप दुरुस्तीला, विजेच्या बिलाला पैसा लागतो, हे मला मान्य आहे. तो ज्याच्याकडे रोज पाणी येतं त्याच्याकडून घ्या, मोटार लावणाऱ्याकडून जास्त घ्या. जिथे पाणी पोचत नाही तिथे पट्टी लावू नका. थकबाकीसाठी कुणाचाही दाखला अडवायचा नाही, असा स्पष्ट आदेश काढा. आणि सूट द्यायचीच असेल तर रेशनकार्डाची यादी सरकारकडे आहेच. त्यावरून परस्पर द्या, अर्ज मागवू नका. पट्टीविरोधी मोर्चात आपण जरूर जावं, पण या मागण्या घेऊन. त्या पत्रकात घेणार नसतील तर गर्दी वाढवायला आपण कशाला जायचं?

जलजीवन मिशन माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं वचन देतं. या दिवाळीत घरी गेले तेव्हा दारात नवा नळ उभा होता. पाणी अजून आलं नव्हतं. पट्टीचं मागणी बिल आलं होतं. आईने ते २०१५ च्या पावतीसोबत पत्र्याच्या पेटीत ठेवलंय. धाकट्याची बारावी पुढच्या वर्षी आहे.