पट्टा कुणाच्या मापाचा?

१९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत निल्स बोलिन यांनी खांदा व कंबर दोन्ही धरणारा सीटबेल्ट तयार केला. कंपनीने तो इतर कारखान्यांनाही खुला केला. असंख्य जीव वाचले. मात्र मोटारउद्योगात अपघात-चाचणीचा पुतळा वर्षानुवर्षे पुरुषी बांध्याचाच राहिला. २०१९ मध्ये याच कंपनीने स्त्रियांना होणाऱ्या वेगळ्या दुखापतींविषयीचे आपले संशोधनही सर्वांसाठी खुले केले.

आमच्या वाशीम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. पण सोयाबीन सोंगायला निघालेल्या मजूर बाया मी मालवाहू गाडीच्या हौद्यात दाटीने उभ्या पाहते. तिथे पट्टा कसला, बसायला जागा नाही! आपल्या गटांनी मजुरी ठरवतानाच बसून जाता येईल अशी गाडीही ठरवून घ्यावी. बाईचा जीव मालात मोजू देऊ नये.