नाव तोडणारी स्क्रिप्ट

‘नावात स्पेस देऊ नका, स्क्रिप्ट अडकते.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याला एकदा उत्तर द्यायलाच हवं. अडचण नावात नाही, स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या आळसात आहे.

कमांड लाइनवर स्क्रिप्टच्या पुढे आपण जे लिहितो ती तिची आर्ग्युमेंट्स. शेल स्पेस दिसली की तुकडा पाडतो. अवतरणचिन्हांत लिहिलेलं मात्र अखंड ठेवतो. म्हणजे नाव स्क्रिप्टपर्यंत नीट पोचतं. तुटतं ते पुढे, स्क्रिप्ट ते दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवते तेव्हा. तिथे नुसतं $@ लिहिलं की पुन्हा तुकडे. "$@" लिहिलं की आलं तसं पुढे जातं. ही सोय १९७९ च्या बोर्न शेलपासून आहे.

आम्हा कुर्डुवाडीकरांना हे वेगळं समजवायला नको. १८९७ साली इथून बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिचा रूळ अडीच फुटी, मुख्य लाइनचा साडेपाच फुटी. त्यामुळे माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. त्या चढ-उतारात पोतं फाटलं तर दोष पोत्याचा म्हणायचा का?

दुसरी खोड आणखी वाईट. पहिला तुकडा आडनाव, दुसरा नाव, तिसरा वडिलांचं नाव, असं गृहीत धरून मोकळं व्हायचं. आमच्याकडे ‘शेख’ कुणी आधी लिहितं, कुणी शेवटी. ‘अब्दुल रहमान’ हे एकच नाव. ‘अब्दुल’ म्हणजे ‘चा सेवक’. कुणाचा, ते ‘रहमान’ सांगतो. ते तोडून दोन रकान्यांत टाकलं की अर्थच उरत नाही.

आणि हे फक्त आमचं दुखणं नाही. महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव येतं. तीन तुकडे मोजणारी स्क्रिप्ट त्या सगळ्याच मुलांचं आडनाव चुकवणार.

उपाय जुनाच आहे. पायथनमध्ये आर्गपार्स २०१० पासून, २.७ आवृत्तीपासून सोबतच येतं. --नाव, --आडनाव असे ऑप्शन ठेवा. पायथन ३ मध्ये ते देवनागरीतही चालतात. काय कुठलं ते लिहिणारा सांगेल, स्क्रिप्टला अंदाज बांधावा लागणार नाही. शिवाय अनोळखी जादा तुकडा आला तर आर्गपार्स तिथेच थांबून चूक दाखवतं, गुपचूप भलत्या रकान्यात भरत नाही.

‘एकदाच चालवायची छोटी स्क्रिप्ट आहे हो,’ असं मला सांगितलं जातं. स्क्रिप्ट एकदा चालते, पण तिनं काढलेली यादी वर्षानुवर्षं फिरते. यादीतून दाखला, दाखल्यातून पुढचे कागद. मग नाव दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, खेपा आणि बुडालेली मजुरी, हे सगळं ज्याचं नाव आहे त्याच्या माथी. दोन अवतरणचिन्हं टाकायचा कंटाळा ज्यानं केला, त्याला यातलं काहीच भरावं लागत नाही. तेव्हा आम्हाला नाव जोडून लिहायला सांगू नका. तुमची स्क्रिप्ट दुरुस्त करा.