फलक नवा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

मेसच्या दारापाशी, हात धुवायच्या नळांच्या वर, विज्ञानाचा एक फलक आहे. हे वाचून "असा फलक आहे?" असं ज्यांच्या मनात आलं, त्यांच्यासाठीच हा लेख. दर सोमवारी त्यावर एक कागद लागतो आणि पुढच्या सोमवारी निघतो. कमिटी नाही, फंड नाही. एका सिनिअरने हौसेने सुरू केला, पास आउट होताना दुसऱ्याच्या गळ्यात घातला, आणि असं होत होत गेली दोन वर्षं तो माझ्याकडे आहे. यंदा गॅदरिंगच्या शिलकीतून थोडे पैसे मिळायची शक्यता दिसली आणि लगेच 'रीडिझाइन'ची चर्चा सुरू झाली. टीव्ही स्क्रीन लावा, फ्लेक्स करा, क्यूआर कोड टाका, मागे आकाशगंगेचा फोटो घ्या!

आकाशगंगेला माझा सक्त विरोध आहे. काळ्या-निळ्या फोटोवर पिवळी अक्षरं छापली की ती वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शोभतात, पण वाचवत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या तक्त्याचा हिशेब सोपा आहे. नजर चांगली असेल तर ६ मीटरवरून साधारण ८.७ मिलिमीटर उंचीचं अक्षर ओळखता येतं. त्याच प्रमाणात दीड मीटरवरून सव्वादोन मिलिमीटरचं. पण हे झालं कसंबसं ओळखणं. जाता जाता आरामात वाचायचं तर माझ्या अंदाजाने तिप्पट अक्षर हवं. शिवाय आपल्या लिपीत वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार. अक्षर बारीक केलं की पहिला बळी अनुस्वाराचा जातो. म्हणजे अक्षर मोठं आणि मजकूर निम्मा. लिहिणाऱ्याला याचा त्रास होईल, होऊ दे.

स्क्रीनबद्दल एवढंच म्हणेन की हाताला साबण लावेपर्यंत त्यावरचं पान पुढे सरकलेलं असतं. आणि कागदाचा सगळ्यात मोठा गुण स्क्रीनमध्ये नाही. कागदावर कोणीही पेन्सिलने "हे कसं काय?" असं लिहू शकतो.

माझ्या मते फलकाचं खरं दुखणं इथेच आहे. आम्ही सांगतो, तुम्ही हात पुसता. लोकांना प्रश्न पडत नाहीत असं मुळीच नाही. रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये जे वाद चालतात त्यांतले निम्मे फिजिक्सचे असतात (उरलेले निम्मे इथे छापण्यासारखे नसतात). ते प्रश्न फलकापर्यंत येत नाहीत, कारण तशी सोयच नाही. म्हणून पहिली नवी गोष्ट हवी ती प्रश्नपेटी. २०२५ साली डॉ. जयंत नारळीकर गेले. त्यांच्याकडे शाळेतली मुलं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही येईल. सहीच्या मोहात मुलाला प्रश्न शोधावा लागायचा! एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला पोस्टकार्डाचं उत्तर लिहायला वेळ होता. आपल्याला सबमिशनचं कारण सांगायची सोय नाही.

दुसरी गोष्ट, दुरुस्तीची चौकट. आमच्याकडे जुन्या कागदांची एक फाइल आहे. त्यात सप्टेंबर २०११ चा एक कागद सापडला : 'प्रकाशापेक्षा वेगवान कण, आईनस्टाईन खोटा ठरला!' बातमी खरोखर तशीच गाजली होती. सर्नहून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं ओपेरा गटाने जाहीर केलं होतं. मात्र 'आईनस्टाईन खोटा' असं काही ते म्हणाले नव्हते. आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही तपासा, असं ते म्हणत होते. पुढे २०१२ मध्ये कारण सापडलं. ऑप्टिकल फायबरचा एक कनेक्टर नीट बसलेला नव्हता. लॅबमध्ये सर रोज ओरडतात, "आधी कनेक्शन तपासा," तेच! इंजिनिअरिंगच्या पोरांना याहून जवळची गोष्ट कोणती? पण २०१२ च्या कागदांत तिचा पत्ता नाही. सनसनाटी तेवढी लागली, दुरुस्ती लागलीच नाही. त्या सोमवारी हात धुवून गेलेल्या कितीजणांच्या डोक्यात आजही आईनस्टाईन खोटाच असेल. म्हणून फलकाचा खालचा उजवा कोपरा कायमचा दुरुस्तीसाठी ठेवावा, तारखेसकट. काही नसेल तर तो कोरा दिसू दे.

तिसरी गोष्ट म्हणजे इथेच, होस्टेलवरच करून पाहता येईल असं काहीतरी. मायकेल फॅरेडेने मुलांसमोर अख्खी व्याख्यानमाला दिली ती साध्या मेणबत्तीवर. १८६१ साली तिचं पुस्तक झालं. आपली मेणबत्ती म्हणजे बादलीतला हीटर. (रेक्टर सरांनी पुढची चार वाक्यं वाचू नयेत.) १५ लिटर पाणी २० अंशांनी तापवायला सुमारे १२५६ किलोज्यूल लागतात. १५०० वॅटच्या रॉडला त्यासाठी १४ मिनिटं पुरायला हवीत. मग प्रत्यक्षात जास्त का लागतात? आणि वरचं पाणी चटका देतं तेव्हा तळाचं गार कसं राहतं? उत्तर फलकावर छापायचं नाही. ज्याने मोजलं त्याने आकडे पेटीत टाकायचे, पुढच्या सोमवारी ते नावासकट लागतील. (बटण बंद करून, प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, हे मात्र मोठ्या अक्षरात.)

स्टाफलाही एक विनंती. प्रश्नपेटीतले काही प्रश्न आमच्या आवाक्याबाहेरचे असणारच. ते आम्ही तुमच्या केबिनमध्ये घेऊन येऊ. तेव्हा "हे सिलॅबसमध्ये नाही" असं म्हणू नका. आणि उत्तर तुम्हालाही येत नसेल तर तसंच छापू, त्यात कोणाचा अपमान होत नाही.

पैसे कशावर घालवायचे? एक चांगला ट्यूबलाइट (सध्याचा गणपतीपासून लुकलुकतोय), कागद भिजू नये म्हणून समोर सरकती काच, कुलूपवाली पत्र्याची पेटी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. उरले तर आणखी पेन्सिली, कारण पहिली दोन दिवसांत जाणार हे नक्की. पेटी पुढच्या सोमवारपासून ताटांच्या रॅकशेजारी असेल.