गणकयंत्रासोबतची चिठ्ठी

गणकयंत्रावर साइन ३० काढून पाहा. यंत्र अंशांवर असेल तर ०.५ येईल, रेडियनवर असेल तर उणे ०.९८८! दोन्ही वेळा यंत्र बरोबरच असते.

शब्दामागून शब्द जुळवणारी आजची कृत्रिम बुद्धिमत्ता मोठ्या गुणाकारात चुकू शकते. म्हणून तिच्या हाताशी गणकयंत्राचे काम करणारी एक छोटी आज्ञावली देतात. आज्ञावलीच्या पोटात काय आहे, ते तिला सहसा दिसत नाही. दिसते ती सोबतची चार ओळींची माहिती. तीत ‘कोन रेडियनमध्ये द्यावा’ एवढे लिहायचे राहिले, तर ती बेधडक ३० देईल आणि आलेले उत्तर तितक्याच ठामपणे तुम्हांला सांगेल. (प्रयोगवहीत एकक विसरणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावे!) म्हणून माझे मत असे, की ही माहिती आज्ञावलीच्या आधी लिहावी, मागाहून घाईने खरडू नये. आणि शून्याने भागल्यास काय उत्तर मिळेल, तेही तीत हवे.